केवळबाईचं विरजण

विश्वंभरच्या थोरल्या लेकीचं, सावित्राचं, लग्न झालं ते साल दोन हजार एकोणचाळीस. हे सगळं कधी सुरू झालं असं माटेगावात कुणी विचारलं, तर लोक सालबिल सांगत नाहीत, 'सावित्राच्या हळदीला' असं सांगतात. कारण हळदीच्या दिवशी मांडवात बाया गाणी म्हणत होत्या आणि नवरीचा बाप संडासातून बाहेर येऊन भिंतीला धरून खाली बसला. त्याच्या पांढऱ्या पायजम्याला रक्त लागलं होतं.

ते पहिल्यांदा पाहिलं त्याच्या बहिणीनं, केवळबाईनं. तिनं खांद्यावरची शाल झटकन त्याच्या कमरेला गुंडाळली आणि चार माणसांत मोठ्यानं सांगितलं, "पाय मुरगळलाय ह्याचा. नाचू नको म्हणलं हुतं, ऐकलं का?" मग त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "कधीपासून?"

"दोन म्हयने झालं, अक्का. कुणाला बोलू नकोस. पोरीचं लगीन उरकू दे."

लगीन उरकलं. पोर सासरी गेली. चौथ्या दिवशी केवळबाईनं भावाला पुढं घातलं आणि लातूरला नेलं.

केवळबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. नवरा तरणाताठाच गेला, पोटी लेकरू नाही. भावाच्या घराला लागून तिच्या दोन खोल्या. खुरपणीला, काढणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीची ती मुकादम. तोंड फटकळ, हात मोकळा. विश्वंभर तिच्याहून बारा वर्षांनी लहान, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सालचा. दूध तुटतं न तुटतं तोच आई गेली, म्हणून तो अक्काच्या कडेवरच वाढला. पुढं तो लातूरच्या आडतीत मापाडी झाला. वीस-बावीस वर्षं सोयाबीनची पोती काट्यावर चढवली आणि उतरवली. सोयाबीनचा एक दाणा मात्र कधी तोंडात टाकला नव्हता. त्या भागात कुणीच टाकत नाही. सोयाबीन पेरायचं, काढायचं, विकायचं. तेल कारखान्याचं, पेंड कोंबड्यांची.

लातूरला दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? केवळबाईनं बोटांवर मोजलं. बाप सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला. चुलता त्रेचाळीसाव्या. मधला भाऊ एकोणचाळीसाव्या. सगळे पोटानं गेले. गावात म्हणायचे, सोळुंक्यांच्या घरावर कुणाची तरी करणी आहे.

"करणी नाही, वारसा आहे," डॉक्टर म्हणाले. रक्तातून पिढ्यान् पिढ्या आलेला दोष. ज्याच्यात तो असतो त्याच्या आतड्याला आतून बारीक गाठी उगवतात, एक-दोन नाही, शेकड्यानं. त्यातली एखादी पुढं बिघडते आणि माणसाला घेऊन जाते.

विश्वंभरचा बिघडलेला तेवढा भाग कापून काढला. उरलेल्या आतड्यात गाठींचं पीक तसंच उभं होतं. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. सावित्रात दोष निघाला. तिच्या धाकट्या भावात नाही निघाला. आणि केवळबाईत निघाला.

"मग मी कशी जित्ती?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनाही तेच विचारायचं होतं. तिच्या आतड्यात दुर्बीण घातली. एक गाठ नाही. लेकराच्या गालासारखं गुळगुळीत अस्तर.

तिथं डॉक्टर तहसीन काझी आल्या. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नव्हत्या. आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, उदगीरच्या. त्यांनी दुर्बिणीतलं ते चित्र तीनदा पाहिलं आणि केवळबाईच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"केवळबाई, तुम्ही खाता काय?"

"माती."

"खरं सांगा."

"भाकर खाते, कोरड्यास खाते. लोकं खातेत तेच की."

कोपऱ्यात विश्वंभरची बायको पद्मिन बसली होती. ती म्हणाली, "खोटं हाय, मॅडम. भाकरीत सोयाबीन दळून घालती. रोज. आमची लेकरं हसतेत, आत्याची भाकर पेंडीची म्हनून."

काझी मॅडमनी वही काढली. "कधीपासून?"

केवळबाई जरा ओशाळली. मग तिनं सांगितलं. भूकंपाच्या सालची गोष्ट. घरात ज्वारी नव्हती, बाप अंथरुणाला. ती बारा वर्षांची पोर दुसऱ्याच्या रानात सोयाबीनचा सरवा वेचायला जायची. काढणी झाल्यावर जमिनीवर सांडलेले दाणे. रात्रभर भिजवायचे, उकडायचे, वाळवायचे आणि मूठभर ज्वारीत दळून भाकरी थापायच्या. पुढं बरे दिवस आले, ज्वारी आली, गहू आला. पण तिच्या जिभेला त्याच भाकरीची सवय. इतरांनी सोडली, तिनं नाही सोडली. विश्वंभर तर तेव्हा अंगावर पिणारा. तो भाकरी खायला लागला तोवर घरात ज्वारी आली होती.

काझी मॅडमनी त्यानंतर सात महिने तिच्या मैल्याचे नमुने नेले. गावात हसू झालं. पण सात महिन्यांनी मॅडम परत आल्या आणि त्यांनी केवळबाईच्या ओट्यावर बसून सगळ्यांना समजेल असं सांगितलं.

सोयाबीनच्या दाण्यात काही द्रव्यं असतात. त्यातलं एक नुसतं पोटात गेलं तर फारसं काही करत नाही, आलं तसं निघून जातं. पण आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. त्यातल्या एखाद्या जातीला ते द्रव्य पालटता येतं. पालटून जे तयार होतं ते आतड्याच्या अस्तराला वळण लावतं. म्हाताऱ्या पेशीनं वेळेवर मरावं, नव्या पेशीनं भलतीकडं फांद्या फोडू नयेत, असं. हा जंतू सगळ्यांच्या पोटात नसतो. ज्यांच्या पोटात असतो त्यांच्यातही बहुतेकांचा आळशी असतो. केवळबाईच्या पोटातला मात्र रोजच्या भाकरीवर पोसून पैलवान झाला होता. इतरांचा जंतू दिवसभरात करतो ते काम तो दोन तासांत करायचा.

"म्हंजी माझ्या पोटात औषधाचा कारखाना हाय?"

"कारखाना म्हणा. आम्हाला त्यातलं थोडं हवंय. तुमच्यासारखाच दोष असलेली माणसं आहेत. त्यांच्या पोटात हा जंतू सोडायचा आणि त्यांना रोज सोयाबीन खायला घालायचं."

विश्वंभर हसला. "विरजण लावायचं म्हना की."

तेव्हापासून त्याला विरजण हेच नाव पडलं. प्रयोगशाळेत त्याला आकडे-अक्षरांचं लांबलचक नाव होतं, पण तिथली पोरंसुद्धा पुढंपुढं 'केवळबाईचं विरजण' म्हणायला लागली.

प्रयोगात दोनशे बारा माणसं घेतली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली, सगळी अशाच घराण्यांतली. विश्वंभर त्यात होता, सावित्रा होती. दर महिन्याला ताज्या विरजणाच्या कुप्या गिळायच्या. ताज्याच लागत. थिजवून ठेवलेला जंतू परत जागा व्हायचा, पण काम विसरलेला असायचा. काचेच्या भांड्यात वाढवला तर चार-सहा पिढ्यांत आळशी व्हायचा. त्याला माणसाचं पोटच हवं होतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी लातूरची गाडी केवळबाईच्या दारात उभी राहायची.

पहिले महिने सोयाबीननं सगळ्यांच्या पोटात वारा धरला. विश्वंभर आडतीतून येऊन सांगायचा, "अक्का, तुझं विरजण काम करलालंय बघ. आज व्यापारी म्हणला, मापाडी, पोतं ठिवायच्या आधीच काटा हलतोय कसा?"

पद्मिन तोंडाला पदर लावून म्हणायची, "आडतीतला काटा तरी हलतोय. माझं तर पत्र्याचं छप्पर उडायला आलंय."

वर्षभरात विश्वंभरच्या निम्म्या गाठी विरल्या. सावित्राच्या बारीक होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. दोनशे बारा जणांपैकी बहुतेकांच्या पोटात विरजण महिनाभर टिकून निघून जायचं. कायमचं घर केलं ते एकट्या विश्वंभरच्या पोटात. रक्ताचं नातं ओळखलं त्यानं, असं पद्मिन म्हणायची. मॅडम म्हणायच्या, तसंही असेल.

केवळबाईचं मात्र जगणं बदललं. दोन्ही वेळा सोयाबीनची भाकर, चुकायची नाही. कसलीही गोळी मॅडमना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. उपवास करायचा नाही. आणि संडासाच्या भिंतीला एक पांढरी डबी बसवली, तशीच एक विश्वंभरकडंही. ती वासावरून पोटातल्या जंतूची हजेरी घ्यायची आणि लातूरला कळवायची. हिरवा दिवा म्हणजे हजर, लाल म्हणजे गैरहजर. पोरांनी तिचं नाव ठेवलं नाकाडी.

"माझ्या बापानं कधी माझी एवढी चौकशी केली न्हाई," केवळबाई म्हणायची. पण आतून ती सुखावली होती. जिला उभ्या जन्मात कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नव्हतं, तिला आता पद्मिन दारातून हाक मारून विचारायची, "अक्का, भाकर खाल्ली का? दोन्ही खाल्ल्या का?" नणंद-भावजयीत पूर्वी पाण्याच्या खेपांवरून भांडणं व्हायची. ती थांबली. पद्मिन स्वतः सोयाबीन उकडून, वाळवून, दळून द्यायची.

अशी दोन वर्षं गेली. दोन हजार एक्केचाळीसच्या सप्टेंबरात विश्वंभरला परत दुर्बीण घातली. काझी मॅडमनी त्याला आणि घरच्यांना समोर बसवलं.

"लहान गाठी जवळजवळ गेल्यात. पण एक मोठी आहे. ती आपण सुरू केलं तेव्हाच मोठी होती. लहान गाठीला विरजण आवरतं, मोठी त्याला जुमानत नाही. ती आता वाढतेय. काढावी लागेल."

"कधी?" पद्मिननं विचारलं.

"दसऱ्यानंतर. नऊ ऑक्टोबर तारीख मिळालीय."

 एसटीतून गावात उतरल्यावर केवळबाई घरी गेली नाही, तेरणेच्या काठावरच्या देवीच्या देवळात गेली. आई, भाऊ सुखरूप सुटू दे. यंदाचे नऊ दिवस तुला कडकडीत धरते. दिवसाला एक खजूर आणि पाणी.

बोलून तर बसली. घरी येईस्तोवर मॅडमची अट आठवली. पण देवीला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? तिनं मनाशी हिशेब घातला. विरजणच तर आहे. दह्याचं विरजण वाटीत घालून फ्रिजात ठेवलं तर महिना राहतंय. हे नऊ दिवसांत काय मरतंय? नमुना तर दोन दिवसांखालीच दिलाय. पुढची गाडी दसरा झाल्यावर येणार.

अडचण होती ती नाकाडीची. तिला उपवास कळला असता. तेव्हा पंचवीस वर्षांमागं गाव हागणदारीमुक्त करताना जी केवळबाई शिट्टी घेऊन पहाटे बांधाबांधानं फिरली होती, उघड्यावर बसलेल्या बाप्यांना जिनं पळता भुई थोडी केली होती, ती केवळबाई साठाव्या वर्षी टमरेल घेऊन ज्वारीच्या रानात जायला लागली. आरोग्य केंद्राच्या आशाताईंचा फोन आला, डबी गप्प का? केवळबाईनं सांगितलं, "भाचीकडं आलेय चार रोज." ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नव्हती तिला. 

पाचव्या माळेला तिला ताप भरला. पोटात कळा यायला लागल्या. मॅडमना विचारावं तर उपवास उघडा पडणार. ती औशाला गेली आणि ओळखीच्या औषधवाल्याकडून गोळ्या आणल्या. जंतू मारणाऱ्या. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या. ताप उतरला. नवमीला तिनं देवीपुढं नारळ फोडला आणि दसऱ्याला सोयाबीनची भाकर खाल्ली. भूक अशी लागली होती की चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी संडासात लाल दिवा लागला. तिसऱ्या दिवशीही लाल. दुपारी काझी मॅडमची गाडी दारात उभी राहिली.

मॅडम ओट्यावर बसल्या. चहा नको म्हणाल्या. विश्वंभर, पद्मिन, केवळबाई, सगळे समोर.

"केवळबाई, मी रागावणार नाही. काय झालं ते सांगा."

"उपास धरला."

"किती दिवस?"

"नऊ."

"काय खाल्लं?"

"दिवसाला एक खजूर."

"आणि सोयाबीन?"

"देवीच्या उपासाला सोयाबीन चालत न्हाई, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "औषध काही घेतलं?"

केवळबाईनं कनवटीची गोळ्यांची रिकामी पट्टी काढून समोर ठेवली. मॅडमनी ती उलटी करून वाचली आणि चष्मा काढून हातात धरला.

"मला वाटलं विरजण हाय," केवळबाई म्हणाली. "फ्रिजात महिना ऱ्हातंय."

"हे फ्रिजातलं नाही हो. हे गोठ्यातलं जनावर आहे. सोयाबीनमधली साखर त्याचा चारा. नऊ दिवस दावणीला उपाशी ठेवलं. जे तगलं असेल ते या गोळ्यांनी मेलं." त्या जरा थांबल्या. "चूक माझी पण आहे. उपवास करू नका एवढं सांगितलं. का, ते सांगितलं नाही."

"मग परत लागंल की. मी खाते. दिवसाला दहा भाकरी खाते."

"मेलेलं परत येत नाही, केवळबाई. आमच्याकडं प्रयोगातल्या माणसांपुरत्या पाच आठवड्यांच्या कुप्या आहेत; तुमच्यात परत रुजवायचं तर रोज ताजं लागेल, ते कुठून आणायचं? त्यानंतर कुणालाच काही देता येणार नाही."

तेव्हा पद्मिन उठली. "माझ्या लेकीच्या जिवावर उठलीस तू! दोन वरसं पीठ दळून घातलं तुला, दळून! देवापरीस जपलं!"

केवळबाई मान खाली घालून ऐकत होती.

"बोल की आता! तोंड लई चालतंय एरवी!"

"काय बोलू? नवस विशूसाठीच हुता."

 पद्मिन खाली टेकली. म्हणाली, "ठाव हुतं मला."

"काय?"

"तिसऱ्या माळेला बघितलं तुला. टमरेल घेऊन रानाकडं जाताना. कळलं मला. तरी गप बसले. म्हणलं, धरलाय तर धरू दे. नवरा माझा हाय."

 रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला.

मग विश्वंभर म्हणाला, "मॅडम, माझ्या पोटात हाय का न्हाई ते?"

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"माझ्या नाकाडीला हिरवा दिवा हाय. आज सकाळी बघितला."

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग घ्या की माझं."

"नऊ तारखेला तुमचं ऑपरेशन आहे. त्याआधी आतडं धुऊन काढतात. जंतुनाशकं देतात, नाहीतर टाके पिकतात. त्यानंतर तुमच्या पोटातही काही उरणार नाही."

"त्याच्या आधी घ्या."

"चार दिवसांत पुरेसं मिळत नाही. केवळबाईंच्या पोटात ते नीट रुजायला हवं, रुजलंय हे दिसायला हवं. तीन आठवडे लागतील. दिवसाआड नमुना." त्या उठून उभ्या राहिल्या. "आणि मी हे तुमच्याकडं मागत नाहीये. मागायला आलेली नाही. माझ्या मते ऑपरेशन नऊलाच व्हावं."

"तीन आठवडं थांबलो तर काय हुईल?"

"बहुधा काही नाही. पण तो 'बहुधा' माझा आहे, पोट तुमचं आहे."

केवळबाई पुढं सरकली. "विशू, न्हाई. मला नको तुझं काय. साठीची झाले मी. माझं झालंय जगून."

"तू गप. तू आता एकटी हायेस का? दोनशे बारा जण जेवतेत तुझ्या ताटात. आपली सावित्रा त्यात हाय. पाचवा म्हयना चाललाय तिला."

"तुला काय झालं तर मी ह्या गावात तोंड कसं दाखवू?"

"नाकाडीला दाखव." तो हसला, पण बाकी कुणाला हसू आलं नाही. मग तो बायकोकडं वळला. "पद्मिन, तू काय म्हणतीस?"

पद्मिन त्याच्याकडं वळली. "मी न्हाई म्हणलं तर ऐकणार का?"

"ऐकंल. तुझं ऐकंल."

तिनं 'न्हाई' म्हटलं नाही. 'व्हय'सुद्धा म्हटलं नाही. उठून आत गेली आणि उकडलेल्या सोयाबीनचं पातेलं आणून त्याच्यापुढं आदळलं. "खावा मग. मूठ-मूठ नका खाऊ."

मॅडमनी त्याला दोन दिवस विचार करायला लावला. वकिलासमोर बसवून सगळं परत वाचून दाखवलं. त्यानं सही केली. शस्त्रक्रिया एकतीस ऑक्टोबरला ठरली.

ते तीन आठवडे केवळबाई जनावरासारखी राबली. सकाळ-संध्याकाळ भावाच्या विरजणाची कुपी, वर भाकर. दर सकाळी दिवा बघायचा. लाल. लाल. लाल. मध्ये एकदा क्षणभर हिरवा झाला आणि परत लाल. ती संडासाच्या दारात बसून रडली. विश्वंभर भिंतीपलीकडून ओरडला, "अक्का, दम धर. दही लागायला रात जाती, हे तर पोट हाय."

भाऊबीज आली. तिनं पाट मांडला, त्याला ओवाळलं. तो तबकाकडं बघून म्हणाला, "अक्का, यंदा साडी न्हाई हां. तुझी ओवाळणी सकाळीच डब्यात भरून लातूरला गेली." केवळबाईच्या हातातलं निरांजन हसण्यानं हललं. पद्मिनही हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

एकोणतीस तारखेला दिवा हिरवा झाला. तीसलाही हिरवा राहिला. एकतीसला सकाळी विश्वंभर शस्त्रक्रियेला आत गेला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून केवळबाई डब्यातली सोयाबीनची भाकर खात होती. घास उतरत नव्हता, तरी खात होती. शेजारी पद्मिन पाण्याची बाटली धरून बसली होती.

गाठ निघाली. पण सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून दोघींना कळलं. यकृतावर दोन डाग दिसले होते.

"ह्या तीन आठवड्यांत झालं का हे?" केवळबाईनं विचारलं. तेव्हा विचारलं, पुढच्या तपासणीत विचारलं, त्याच्या पुढच्याही. काझी मॅडमचं उत्तर तेच असायचं. "कळायचा मार्ग नाही. आधीच गेलेलं असेल. तेव्हा दिसण्याएवढं नव्हतं. नक्की मी नाही सांगू शकत, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं नाही सांगणार." शेवटी विश्वंभरच चिडला. "अक्का, हा सवाल परत विचारलास तर तुझ्या घरी पाऊल टाकणार न्हाई. मी दिलं ते दिलं. त्याचं वजन करू नकोस." त्यानंतर तिनं विचारलं नाही. मनातून तो सवाल गेला असं नाही.

विरजण टिकलं. पाचव्या आठवड्याच्या कुप्या संपायच्या आत नव्या निघाल्या. दोनशे बारा माणसांत एकाचाही महिना चुकला नाही. सावित्राला मुलगा झाला. दोष त्याच्यात उतरला आहे की नाही हे तपासायचं सावित्रानं पुढं ढकललं. म्हणाली, उतरला असंल तर पणजीची भाकर हाय. ती पणजी नव्हे, आत्येआजी लागते, असं पद्मिननं सांगितलं, पण नाव पणजीच पडलं.

पुढच्या नवरात्रात केवळबाई पाटावर बसून भाकर खात होती. समोर घट बसले होते. पद्मिन आली आणि म्हणाली, "तुझी माळ मी धरलीय यंदा. तू खा." असं तिनं दोन वर्षं केलं. जाऊन मॅडमना विचारूनही आली, माझ्या उपासानं कुणाचं काय मरत न्हाई ना म्हणून.

विश्वंभरवर औषधं चालली. पहिलं वर्ष बरं गेलं, आडतीत जायचा, पोती उचलत नव्हता पण काट्याजवळ खुर्ची टाकून बसायचा. दुसऱ्या पावसाळ्यात बसणंही होईना. तो घरी पडून राहिला. केवळबाई रोज त्याच्या पायथ्याशी बसून भाकर खायची. त्याला ते बघायला आवडायचं. त्याला स्वतःला आता पेजेपलीकडं काही चालत नव्हतं.

तो गेला त्या दिवशी माती देऊन माणसं परत आली, तेव्हा शेजारच्या घरातून कडू घास आला. पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी. चूल पेटवायची नसते त्या दिवशी. केवळबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं ताटाला हात लावला नाही. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. बायांनी सांगून बघितलं, सावित्रानं सांगून बघितलं. ती मान हलवत राहिली.

मग पद्मिन उठली. कपाळ मोकळं, गळा मोकळा. ती मागच्या दारानं गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या. सोयाबीनच्या. पहाटे, तो असताना थापून ठेवलेल्या. तिनं एक घास मोडला आणि केवळबाईच्या तोंडाशी धरला.

"खा, अक्का."

"आज नको गं. आज नको."

"आजच खायाचं. तुझ्या पोटात आता तेवढाच हाय तो."

केवळबाईनं तोंड उघडलं. पद्मिननं पहिला घास भरवला, दुसरा भरवला, आणि दोन्ही भाकरी संपेस्तोवर तिच्यासमोरून हलली नाही. बाया बघत होत्या.

विश्वंभर सोळुंके अकरा फेब्रुवारी दोन हजार चव्वेचाळीस रोजी सकाळी सव्वानऊ वाजता, माटेगावात, आपल्या घरी वारला.